ट्रिपल ई: सावकाश जाण्यासाठी बांधलेली महाकाय जहाजे

फेब्रुवारी २०११ मध्ये डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने दक्षिण कोरियातील देवू या जहाजबांधणी कंपनीकडे दहा नव्या कंटेनर जहाजांची मागणी नोंदवली आणि जूनमध्ये आणखी दहांची भर घातली. एकेका जहाजाची किंमत १९ कोटी डॉलरच्या घरात होती. त्या वेळच्या बहुतेक बातम्यांत भर होता तो आकारावर, कारण इतके डबे एका खेपेत नेणारे जहाज तोवर कोणी बांधलेले नव्हते. मात्र त्याच आराखड्यातील एक आकडा अधिक विचार करायला लावणारा होता. मर्स्कचे आधीचे सर्वांत मोठे जहाज, म्हणजे २००६ सालचे ‘एमा मर्स्क’, २५ नॉटच्या वर धावू शकत असे. नव्या जहाजाचा कमाल वेग मात्र २३ नॉटच ठेवला होता आणि रोजच्या प्रवासासाठी १९ नॉट किंवा त्याहूनही कमी वेग धरला होता. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने १९ नॉट म्हणजे ताशी ३५ किलोमीटर होतात, आणि घाट चढणारा भरलेला ट्रकही साधारण तेवढ्याच वेगाने जातो.

या जहाजांच्या वर्गाला ‘ट्रिपल ई’ म्हणतात. मोठ्या आकारातून होणारी काटकसर, ऊर्जेची बचत आणि पर्यावरणाचे कमी नुकसान या अर्थांच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे ‘ई’ आहेत, म्हणून हे नाव. नाव कंपनीनेच ठेवलेले असल्यामुळे त्याला जाहिरातीचा वास येतो हे खरे. परंतु या तिन्ही गोष्टींचे मूळ एकाच निर्णयात आहे आणि तो निर्णय वेग कमी करण्याचा आहे. जहाज मोठे झाले म्हणून ते हळू चालते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बऱ्याच अंशी उलटे घडले: हळू जायचे ठरले, म्हणून त्याला हा आकार देता आला.

आधी आकाराची ओळख करून घेऊ. लांबी ३९९ मीटर, रुंदी ५९ मीटर आणि तळापासून शेंड्यापर्यंतची उंची ७३ मीटर. मुंबईची पंधरा डब्यांची लोकल या जहाजाला लागून उभी केली, तर जहाजाचे टोक तिच्या बरेच पुढे राहील. क्षमता सुमारे १८,००० टीईयू. टीईयू हे कंटेनरच्या जगातील माप असून एक टीईयू म्हणजे वीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि सर्वसाधारणपणे साडेआठ फूट उंच असा एक डबा. असे अठरा हजार डबे एकामागे एक मांडले तर रांग सुमारे ११० किलोमीटरची होईल. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची सगळी ९४.५ किलोमीटरची लांबी संपेल, तरी डबे शिल्लक राहतील.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण क्षमतेच्या आकड्याने वाचक सहज फसतो. रस्त्यावर ट्रेलरवरून जाताना दिसणारे बहुतेक लांब डबे चाळीस फुटी असतात आणि असा एक डबा दोन टीईयू धरला जातो. त्यामुळे अठरा हजार टीईयूच्या जहाजावर प्रत्यक्षात मोजले तर दहा हजारांच्या आसपासच डबे भरतील. शिवाय ही क्षमता जागेची आहे, वजनाची नव्हे. या वर्गातील पहिले जहाज सुमारे १ लाख ९४ हजार टन वजन पेलते आणि त्यात इंधन, पाणी व इतर सामानही धरलेले असते. प्रत्येक वीस फुटी डबा १४ टनांचा असेल, तर चौदा हजार टीईयूच्या आतच ही मर्यादा गाठली जाते. हलका माल, जड माल आणि रिकामे डबे यांची सरमिसळ होते, म्हणूनच जागा भरून निघते. युरोपातून आशियाकडे परतताना तर रिकाम्या डब्यांची संख्या बरीच असते, कारण आशिया युरोपला जितका माल विकतो तितका तिकडून घेत नाही.

डब्यात माल भरून डबाच जहाजावर चढवण्याची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेतील माल्कम मॅकलीन या ट्रक व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या तेलवाहू जहाजाच्या डेकवर ५८ डबे ठेवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले, आणि आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात तेथून मानली जाते. पोती, पेट्या आणि पिंपे एकेक करून चढवण्यात जाणारे दिवस त्यामुळे वाचले. पुढच्या साठ वर्षांत जहाजे वाढत गेली, त्यामागचा हिशेब स्वयंपाकघरातला आहे. दुप्पट पाणी मावणारे पातेले घडवायला दुप्पट पत्रा लागत नाही. दीडपटीहून थोडा अधिक पत्रा पुरतो. जहाजाचेही तसेच आहे. डबे दुप्पट झाले म्हणून पोलाद दुप्पट लागत नाही, पाण्याचा विरोध दुप्पट होत नाही आणि खलाशी तर जवळपास तेवढेच राहतात. ट्रिपल ई वर्गाचे जहाज वीस-बावीस माणसे चालवतात. तितकीच माणसे याच्या पावपट आकाराच्या जहाजावरही लागतात.

आता वेगाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला होणारा विरोध ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी इंजिनाची ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. हे नुसते सूत्र वाचून अंगावर येत नाही, म्हणून प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. वेग २५ नॉटवरून २० वर आणला, म्हणजे चार पंचमांश केला. चार पंचमांशाचा घन ०.५१ येतो, म्हणजे ताकद निम्मीच लागली. प्रवासाला मात्र सव्वापट वेळ लागेल. निम्मी ताकद सव्वापट वेळ लावली, तर त्या प्रवासाचे इंधन पूर्वीच्या ६४ टक्के होते. थोडक्यात, वेग एक पंचमांशाने उतरवला की इंधनाचा एक तृतीयांशाहून अधिक खर्च वाचतो. सुएझ कालव्यातून शांघाय ते रॉटरडॅम हे अंतर सुमारे साडेदहा हजार सागरी मैल आहे. बंदरांतला मुक्काम सोडला तर ते २५ नॉटने साडेसतरा दिवसांत आणि २० नॉटने जवळपास बावीस दिवसांत कापता येते. खुर्च्या, खेळणी किंवा कपडे घेऊन जाणाऱ्या मालकाला चार-साडेचार दिवसांचा हा फरक सहसा परवडतो.

सूत्र सर्वांना माहीत होते, तरीही २००८ पर्यंत जहाजे जोरातच धावत होती, कारण माल भरपूर होता आणि भाडेही चांगले मिळत होते. त्या वर्षी जुलैमध्ये कच्च्या तेलाने पिंपाला १४७ डॉलरचा उच्चांक गाठला आणि पाठोपाठ मंदी आली. माल आटला, भाडे कोसळले आणि कित्येक जहाजे नांगर टाकून रिकामी उभी राहिली. अशा वेळी हळू जाण्यात दुहेरी लाभ होता आणि तो समजण्यासाठी कंटेनर जहाजांचे वेळापत्रक समजले पाहिजे. ही जहाजे एसटीच्या नियमित फेरीसारखी चालतात: ठरलेली बंदरे, ठरलेला क्रम आणि प्रत्येक बंदरात दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक जहाज. आशिया ते युरोप आणि परत असा पूर्ण फेरा आठ आठवड्यांत होत असेल, तर दर आठवड्याचा वार पाळण्यासाठी आठ जहाजे लागतात. फेरा अकरा आठवड्यांचा झाला तर अकरा जहाजे लागतील. मंदीत रिकामी जहाजे उभीच होती. ती या फेऱ्यांत सामावली गेली, इंधन वाचले आणि ग्राहकाला दर आठवड्याचे जहाजही मिळत राहिले. एकाच आकाराची वीस जहाजे एकदम का मागवली, याचे उत्तरही बरेचसे या हिशेबात आहे. एखाददुसरे मोठे जहाज वेळापत्रकात उपयोगाचे नसते, पूर्ण माळ असावी लागते.

जोरात धावण्यासाठी बांधलेले जहाज हळू चालवणे हा मात्र तात्पुरता उपाय झाला. एमा मर्स्कवर एकच अवाढव्य इंजिन होते, चौदा सिलिंडरचे आणि सुमारे ८० मेगावॉटचे. असे इंजिन सतत अर्ध्या ताकदीवर चालवणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला घाण्याला जुंपण्यासारखे आहे. ट्रिपल ई वर्गात प्रथमपासूनच संथ चालीचा विचार करून दोन इंजिने बसवली, प्रत्येकी सुमारे ३० मेगावॉटची. म्हणजे एकूण ताकद एमापेक्षा कमी आणि डबे अधिक.

यांपैकी एका इंजिनाच्या जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा व्यास ८० सेंटिमीटर आहे, एमाच्या ९६ सेंटिमीटरपेक्षा कमी. परंतु त्यातील दट्ट्या एका दिशेने जवळजवळ साडेतीन मीटर सरकतो, तर एमामध्ये तो अडीच मीटर सरकत असे. दट्ट्याचा पल्ला लांब ठेवला की इंजिन कमी फेऱ्यांत तितकेच काम करते. एमाचे इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेई, ट्रिपल ईचे ऐंशीच्याही आत. मधे गिअर नसल्यामुळे प्रोपेलर, म्हणजे जहाजाचा मागचा पंखा, तितक्याच फेऱ्यांनी फिरतो. आणि पाण्यात नियम असा की लहान पंखा गरगर फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवलेला अधिक फायद्याचा. पंखा मनाला येईल तितका मोठा करता येत नाही, कारण त्याला जहाजाच्या तळाच्या वरच राहावे लागते. म्हणून एकाऐवजी दोन पंखे बसवले, प्रत्येकी ९.८ मीटर व्यासाचा आणि चार पात्यांचा. एमाच्या एकुलत्या पंख्याला सहा पाती होती. पाती कमी आणि प्रत्येक पात्यावरचा भारही कमी, त्यामुळे पाणी घुसळण्यात वाया जाणारी शक्ती वाचली. धुरांड्यातून जाणाऱ्या उष्ण वायूंवर वाफ तयार करून तिच्यापासून वीज काढण्याची सोयही येथे आहे.

संथपणाचा सर्वांत मोठा लाभ सांगाड्याला झाला. वेगाने पाणी कापायचे असेल, तर जहाजाचा पुढचा भाग खाली निमुळता, इंग्रजी व्ही अक्षरासारखा ठेवावा लागतो आणि त्या निमुळत्या पोटात चौकोनी डबे बसत नाहीत. वेगाची अट सैल होताच सांगाडा भरदार, यू अक्षरासारखा करता आला. एमा ३९७ मीटर लांब आणि ५६ मीटर रुंद आहे. नवे जहाज तिच्याहून दोनच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही, तरीही कंपनीच्या आकड्यांनुसार त्यात अडीच हजार टीईयू अधिक मावतात. आडव्या रांगेतील डबे बावीसचे तेवीस झाले, हा या वाढीचा एक भाग. बाकीची वाढ पोट सुटल्यामुळे झाली. एमाच्या तुलनेत डब्यामागे कार्बन डायऑक्साइड वीस टक्के कमी सुटतो, असा कंपनीचा दावा आहे. विकसित देशांच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०१५ मध्ये महाकाय जहाजांचा अभ्यास केला. नव्या जहाजांमुळे डब्यामागे होणाऱ्या बचतीचा निम्म्याहून अधिक भाग आकारातून नव्हे, तर कमी वेगासाठी आखलेल्या इंजिनांतून आला आहे, असे त्यात आढळले.

जहाजाचे छायाचित्र पाहिले की दोन ‘इमारती’ दिसतात. पुढच्या इमारतीत कप्तानाची जागा व राहण्याच्या खोल्या आहेत आणि बऱ्याच मागे धुरांडे आहे. पूर्वी या दोन्ही गोष्टी एकत्र, मागच्या बाजूला असत. मागून चालवताना समोरच्या डब्यांवरून पाणी दिसले पाहिजे, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार समोरचे न दिसणारे पाणी जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असता कामा नये. त्यामुळे पुढचे डबे फार उंच रचता येत नसत. कप्तानच पुढे नेऊन बसवला, की त्याच्या मागे डबे अधिक उंच रचता येतात. धुरांडे आणि इंजिने मात्र मागेच ठेवली, म्हणजे पंख्यांकडे जाणारे दांडे आखूड राहतात.

हे डबे जहाजावर टिकतात कसे, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. जहाजाच्या पोटात उभे पोलादी मार्गदर्शक असतात आणि कपाटाच्या खाचेत फळी सरकवावी तसा डबा त्यांमधून खाली उतरतो. तेथे बांधाबांधीची गरज नसते. डेकवरची कथा वेगळी आहे. प्रत्येक डब्याच्या आठही कोपऱ्यांवर पोलादी ठोकळा असतो आणि त्याला लंबगोल भोके असतात. दोन डब्यांच्या मध्ये, चारही कोपऱ्यांत, ट्विस्टलॉक नावाचे मुठीएवढे कुलूप बसते. त्याचे टोक भोकात शिरून आडवे वळले की वरचा डबा खालच्याला जखडला जातो. खालच्या काही थरांना याशिवाय तिरप्या पोलादी सळया लावतात. डब्यांच्या रांगांमधल्या अरुंद पोलादी मचाणावर माणूस उभा राहतो, लांब जड सळईचे टोक डोक्यावरच्या डब्याच्या भोकात अडकवतो, खालचे टोक आट्यांच्या तणावणीत, म्हणजे सळई ताणून घट्ट करणाऱ्या जोडणीत, घालतो आणि पान्याने पिळत नेतो. हे काम आजही हातानेच होते. सर्वांत वरच्या थरांपर्यंत या सळया पोहोचत नाहीत. तेथे केवळ ट्विस्टलॉकचाच भरवसा असतो.

हा भरवसा कधी तुटतो ते ‘एमएससी झोई’ या जहाजाने दाखवले. ते ट्रिपल ई वर्गातले नसले तरी आकाराने त्याचेच भावंड आहे: ३९५ मीटर लांब, ५९ मीटर रुंद, १९,२२४ टीईयू. जानेवारी २०१९ च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या रात्री नेदरलँड्सच्या उत्तरेकडील बेटांजवळ वादळात त्यावरून ३४२ डबे समुद्रात पडले आणि बेटांच्या किनाऱ्यांवर खेळण्यांपासून खुर्च्यांपर्यंत सारे काही वाहून आले. येथे रुंदीच अंगावर आली. रुंद जहाज सहजासहजी उलटत नाही. बुडाला जड असलेल्या बाहुलीला ढकलले की ती झटकन सरळ उभी राहते, तसे ते प्रत्येक लाटेनंतर झटक्याने सरळ होते. हा झटका वरच्या थरातील डब्यांना बसतो आणि तो कुलपे व सळया यांच्या ताकदीपलीकडे गेला की थर कोसळतो. तो भाग उथळ असल्याने तळ समुद्राच्या बुडाला टेकण्याचा धोका होता आणि लाटाही उसळून डब्यांवर आदळत होत्या, असे चौकशीत पुढे आले. जहाज स्थिर असावे ही अपेक्षा रास्त आहे, पण फाजील स्थिरतेचीही किंमत मोजावी लागते, हे जहाजशास्त्रातील मला सर्वांत चकित करणारे सत्य वाटते.

लांबीचे दुखणे निराळे आहे. कंटेनर जहाज म्हणजे झाकण नसलेले खोके; वर सलग पोलादी छत नसल्यामुळे ते पिळवटते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्यावर आला की दोन्ही टोके खाली झुकतात, आणि दोन लाटांवर दोन टोके टेकली की मधला भाग खाली येतो. वीस-पंचवीस वर्षे हा व्यायाम चालतो. त्याला तोंड देण्यासाठी वरच्या कडांना अतिशय जाड, उच्च ताकदीचे पोलाद वापरतात आणि दोन्ही बाजूंनी पेटीसारखे पोकळ पट्टे जहाजभर फिरवतात. जून २०१३ मध्ये, म्हणजे पहिले ट्रिपल ई सेवेत येण्याच्या बेतात असताना, सिंगापूरहून जेद्दाकडे जाणारे ‘एमओएल कम्फर्ट’ हे पाच वर्षे जुने, ८,११० टीईयूचे जहाज येमेनच्या किनाऱ्यापासून दूर हिंदी महासागरात मधोमध मोडले. २६ खलाशी वाचले, पण दोन्ही तुकडे अखेर बुडाले. तळाचे पत्रे दाबाखाली वाकले होते. त्याहून मोठी जहाजे बांधणाऱ्यांनी त्यानंतर तळाच्या ताकदीचे हिशेब नव्याने तपासले.

कंपनीची बचत झाली, पण त्या बचतीचा काही भार किनाऱ्यावर येऊन पडला. तेवीस रांगांपलीकडच्या डब्यापर्यंत पोहोचायला क्रेनचा हात साठ मीटरहून लांब हवा. जहाज भरल्यावर सोळा मीटर खोल बुडते, म्हणून त्याहून खोल पाणी हवे. आणि चारशे मीटरचा धक्का तर हवाच. जर्मनीने हॅम्बुर्गसाठी एल्ब नदी खोल केली. न्यूयॉर्कजवळच्या बेयॉन पुलाचा रस्ता मोठी जहाजे खालून जावीत म्हणून ४६ मीटरवरून ६५ मीटरवर उचलण्यात आला, आणि तोही यांहून बऱ्याच लहान जहाजांसाठी. खोल केलेल्या नदीचा आणि उचललेल्या पुलाचा खर्च जहाज कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. शिवाय माल एकाच वेळी उतरतो. एका मुक्कामात आठ हजार डबे चढवायचे-उतरवायचे असतील आणि सहा क्रेन प्रत्येकी तासाला तीस डबे हलवत असतील, तर न थांबता ४४ तास लागतात. त्या ४४ तासांत यार्ड, ट्रक, रेल्वे आणि जकात खाते यांच्यावर लोंढा येतो, आणि पुढचे जहाज येईपर्यंत तेच सारे सुस्त पडून राहते.

मार्गांचेही तसेच. पनामा कालव्याच्या २०१६ मधल्या नव्या दरवाजांतूनही ही जहाजे जात नाहीत. सुएझमधून जातात, पण २३ मार्च २०२१ ला त्या जाण्याची दुसरी बाजू जगाने पाहिली. ‘एव्हर गिव्हन’ हे जवळपास ४०० मीटर लांबीचे, २०,१२४ टीईयूचे जहाज वाऱ्याच्या झोतात कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस मार्ग बंद राहिला. त्यावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. डब्यांनी भरलेल्या अशा जहाजाची एक बाजू तीन-साडेतीन एकरांची भिंत असते आणि वाऱ्याला ती शिडासारखीच असते. त्यात भर म्हणजे काठाजवळून जाताना सांगाडा आणि काठ यांच्यातील चिंचोळ्या जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो, मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, विरुद्ध दिशेला वळते. त्या ठिकाणी कालवा जहाजाच्या लांबीहून अरुंद होता. नाळ एका काठात रुतली आणि मागचे टोक दुसऱ्या काठाला अडले.

आपल्या किनाऱ्यावर ही जहाजे फार उशिरा दिसली. आशिया–युरोप मार्ग श्रीलंकेच्या दक्षिणेने जातो आणि भारताचा बराच माल लहान जहाजांनी कोलंबो किंवा सिंगापूरला नेऊन तेथे मोठ्या जहाजावर चढवावा लागे. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराने जलमार्ग खोल केला, पण तोही भरतीचा आधार घेऊन १५ मीटर बुडणाऱ्या जहाजांपुरता. मे २०२४ मध्ये ‘एमएससी ॲना’ मुंद्र्याला आले आणि जून २०२५ मध्ये २४,३४६ टीईयूचे ‘एमएससी इरिना’ केरळातील विळिंजमला लागले, कारण तेथे किनाऱ्याजवळच समुद्र खोल आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपयांचे बंदर बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्यामागेही हीच जहाजे आहेत. तेथे सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते. समुद्रात भराव टाकून उभारल्या जाणाऱ्या या बंदराला तेथील मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो समजण्यासारखा आहे, कारण किनारा खोल करण्याची आणि भरण्याची किंमत प्रथम त्यांच्या जाळ्यातून वसूल होते. दुसरीकडे नाशिकच्या द्राक्षांचे शीतडबे युरोपला समुद्रमार्गेच जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा वाढलेले दिवस आणि वाढलेले भाडे येथल्या निर्यातदारांनाही सोसावे लागले. ट्रिपल ई कधी न पाहिलेल्या द्राक्ष बागायतदारालाही जहाजांच्या वेगाचे गणित असे घरी येऊन भेटते.

ट्रिपल ईचा विक्रम फार टिकला नाही. पहिले जहाज जुलै २०१३ मध्ये सेवेत आले आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनच्या ‘सीएससीएल ग्लोब’ने त्याला मागे टाकले. मर्स्कने २०१५ मध्ये या वर्गाची आणखी अकरा जहाजे मागवली. त्यांतील ‘माद्रिद मर्स्क’ने २०१७ मध्ये वीस हजारांचा टप्पा ओलांडला. स्पर्धकही मोठी जहाजे घेऊ लागले, जागा मालापेक्षा वेगाने वाढली आणि २०१६ मध्ये कोरियाची हानजिन ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. इतकी मोठी जहाजे एकट्याने भरणे कठीण, म्हणून एकेकाळच्या स्पर्धकांनी एकमेकांच्या जहाजांत जागा वाटून घेण्याचे करार केले. विशेष म्हणजे लांबी मात्र सर्वांनीच ४०० मीटरवर थांबवली. नंतरची वाढ रुंदीत आणि थरांच्या उंचीत झाली, कारण धक्के आणि वळणे त्याहून लांब जहाजाला पुरत नाहीत.

मर्स्क घराण्यात जहाजांना घरच्या माणसांची नावे देण्याची रीत आहे. ‘एमा मर्स्क’ हे नाव कंपनीचे दीर्घकाळचे सर्वेसर्वा मर्स्क मॅकिनी मोलर यांच्या पत्नीचे. ते स्वतः एप्रिल २०१२ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी वारले, आणि जून २०१३ मध्ये देवूच्या ओक्पो येथील गोदीत पहिल्या ट्रिपल ई जहाजाला त्यांच्या कन्या आने यांनी वडिलांचे नाव दिले. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील उल्सान येथे कंपनीच्या नव्या मोठ्या जहाजाचे नामकरण झाले, ते ‘आने मर्स्क’. मिथेनॉलवर चालू शकणारे हे जहाज साधारण १६,००० टीईयूचे आहे. आईचे नाव धारण करणारे जहाज ३९७ मीटरचे, वडिलांचे ३९९ मीटरचे आणि मुलीचे ३५० मीटरचे.